लायकीचा कागद



माझी चुलतबहीण पुण्यात एम. एस्सी. करते. सुट्टीला खुटबावला आली ती परदेशातल्या विद्यापीठाचा अर्ज घेऊनच. यवत आणि केडगावच्या मधलं हे आमचं छोटं स्टेशन. कालव्याच्या पाण्यावर दुसऱ्यांचा ऊस हिरवागार, आणि आमच्या वस्तीत अजून कुणी परदेशात शिकायला गेलेलं नाही. रात्री जेवण झाल्यावर ती म्हणाली, "दादा, मार्क आहेत, पासपोर्ट पण होईल. पण दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं मागितलीत. म्हंजे काय लिहितेत त्यात? आणि मागायची कुणाला?"

मी गिरणीतला माणूस. पाळी सुटल्यावर वाचून वाचून जे शिकलो तेवढंच माझं शिक्षण. पण ह्या कागदाची आणि माझी जुनी ओळख आहे. बारावीनंतर हॉस्टेलच्या अर्जावर मला एका सरांचे चार शब्द आणि सही हवी होती. शाळेचं नाव लिहीत नाय, तशा शाळा गावोगाव आहेत. सर म्हणाले, "तुमचं तर तसंबी होतंच की रे, कोट्यातनं. माझी सही कशाला?" पोरं हसली. मी अर्ज घडी करून खिशात घातला. त्या सहीपायी मी गिरणीत गेलो असं म्हणणार नाही, घरात कर्ज होतं, बापाचं दुखणं होतं. पण तो अर्ज घडी केलेलाच राहिला, हे खरं.

म्हणून बहिणीला सांगायला मी हा इतिहास गोळा केला. तुमच्याही उपयोगाचा आहे.

कागदाच्या आधी तोंडी शिफारस होती. ज्योतिरावांना त्यांच्या वडिलांनी शाळेतनं काढून मळ्यात लावलं होतं. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोघांनी गोविंदरावांना समजावलं, पोरगं हुशार आहे, शिकू दे. १८४१ साली ज्योतिराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. शिफारस करणारे कोण? एक मुसलमान, एक ख्रिस्ती. आणि ज्याच्यासाठी बोलणारं कुणी नव्हतं त्याचं काय झालं? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला. मुंबई सरकारनं नाही म्हटलं. एका पोराला घेतलं तर बाकीची शाळा रिकामी होईल, असं कारण. त्या मुलाच्या पुढच्या आयुष्याबद्दल सरकारी दप्तरात काही नाही. पण त्याचा अर्ज बाबासाहेब विसरले नाहीत, त्यांनी तो पुढं पुरावा म्हणून मांडला.

आता बाबासाहेबांचंच बघा. त्यांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून हार घालतो, पण एका विद्यार्थ्याच्या खिशात कुणाकुणाचे कागद होते हे कधी वाचत नाही. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुण. (आजच्या हिशेबानं त्यांना कोणत्याच कटऑफमध्ये धरलं नसतं!) सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. हे गुरुजी चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचत बसलेल्या या पोराला आधीपासून ओळखत होते. ही ओळख महत्त्वाची आहे. गुरुजींनी त्याला वाचताना पाहिलं होतं.

पुढं भीमराव इंटर झाले आणि रामजीबाबांचा पैसा संपला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करू असं जाहीर केलेलं होतं. केळुसकर नुसती चिठ्ठी लिहून थांबले नाहीत, भीमरावांना घेऊन महाराजांपुढे गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरं पटली, महिना २५ रुपये सुरू झाले. एल्फिन्स्टन कॉलेजात मुल्लर नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी पुस्तकं दिली, कपडेसुद्धा दिले. ४ जून १९१३ ला बडोद्यात करार झाला. परदेशी शिक्षणाचा खर्च संस्थान देणार, परत आल्यावर भीमराव दहा वर्षं संस्थानची नोकरी करणार. जुलैत ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले.

इथं मला थोडं थांबायचंय, कारण इथला माणूस फार मोलाचा आहे. एडविन सेलिग्मन, अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १९१६ साली भीमराव लंडनला निघाले तेव्हा सेलिग्मननी त्यांना सिडनी वेब यांच्या नावानं शिफारसपत्र दिलं. मध्ये शिष्यवृत्ती संपली, १९१७ ला परत यावं लागलं, बडोद्यात जे भोगलं ते तुम्हाला माहीत आहे. पुन्हा १९२० ला लंडनला गेले तेव्हाही सेलिग्मननी तिथल्या फॉक्सवेल या प्राध्यापकांना आपल्या विद्यार्थ्याबद्दल लिहिलं. फॉक्सवेलनी त्या नोव्हेंबरात संस्थेच्या सचिवबाईंना कळवलं, की या माणसाची डॉक्टरेट आधीच झालेली आहे, त्यानं जिंकावं असं आता इथं काही उरलेलं नाही! धारवाडच्या दारात उभ्या त्या पोरापासून ह्या वाक्यापर्यंत ६४ वर्षं लागली.

सेलिग्मन कोण होते? ज्यू. त्यांचे वडील जोसेफ सेलिग्मन बडे बँकर. १८७७ साली सॅराटोगा गावच्या ग्रँड युनियन हॉटेलात ते कुटुंबासह उतरायला गेले, तर ज्यूंना इथं जागा नाही म्हणून त्यांना नाकारलं. अख्ख्या अमेरिकेत ते प्रकरण गाजलं. एडविन तेव्हा सोळा वर्षांचे. बंद दार बघितलेला माणूस दुसऱ्याला दार उघडून देतोच असा काही नियम नाही. आपल्यातले साहेब झालेले बघा की. पण या माणसानं दिलं.

आणि त्याच कोलंबियात पुढं काय झालं ते ऐका. पहिल्या महायुद्धानंतर ज्यू पोरं परीक्षेच्या गुणांवर भराभर आत येऊ लागली. प्रस्थापितांच्या पोटात दुखलं. मग अर्जाचा नमुना बदलला. बापाचा धंदा, जन्म कुठला, फोटो, चारित्र्य, पुढारीपण, आणि कुणाची तरी शिफारस. हार्वर्डच्या अध्यक्षांनी १९२२ ला उघड उघड ज्यूंची संख्या बांधा म्हटलं. बोंबाबोंब झाली, तेव्हा तिथंही हाच रस्ता धरला. गुण मोजता येतात, 'चारित्र्य' मोजता येत नाही, ते सांगणारा लागतो. आणि सांगणारा कुणाच्या घरचा? असा हा दुतोंडी कागद. केळुसकरांच्या हातात तो शिडी होता, त्या बाबूंच्या हातात कुलूप.

बाबासाहेबांनी हे कुलूप आणि शिडी दोन्ही जवळून पाहिली. उपकार ते विसरले नाहीत. १९२५ चा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ त्यांनी शिक्षणातल्या मदतीबद्दल सयाजीरावांना अर्पण केला, त्याला प्रस्तावना सेलिग्मनची. रुपयाच्या प्रश्नावरच्या १९२३ च्या ग्रंथाला प्रस्तावना लंडनचे प्राध्यापक कॅनन यांची, आणि कॅनन तर त्यांच्या मताशी सहमतही नव्हते. मत पटत नसतानाही कामाची किंमत लिहून देणारा मास्तर! असा एक आपल्या तालुक्याला द्या.

पण प्रत्येक पोराला केळुसकर भेटत नाही. लाखात एकाला बाग मिळते, गुरुजी मिळतात, महाराज मिळतात. बाकीच्यांनी काय करायचं? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेले ते १९४२ ला. अनुसूचित जातींच्या पोरांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू आहे. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादचं कॉलेज, पुढचं मिलिंद. महाराजांच्या मर्जीवर जे मिळालं ते नियमात बसवलं. माझ्या त्या सरांना 'कोटा' म्हणून जे टोचत होतं ते हेच. आता त्यांची मर्जी लागत नव्हती.

आणि तरी कागद परत आलाच. परदेशी शिक्षणासाठी राज्य सरकारची राजर्षी शाहूंच्या नावाची शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. पण तिच्यासाठी आधी तिकडच्या विद्यापीठात प्रवेश पाहिजे, आणि प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी शिफारसपत्रं पाहिजेत. म्हणजे हक्काच्या पैशाच्या आधी पुन्हा कुणाची तरी मर्जी. २०२५ साली पुण्यातल्या एका कॉलेजानं लंडनच्या नोकरीसाठी लागणारी शिक्षणाची खातरजमा करून दिली नाही, असा आरोप एका दलित तरुणानं केला. जातीचं कारण कॉलेजानं नाकारलं. खरंखोटं ठरवायला मी न्यायाधीश नाही. पण ते वाचून आपल्यातल्या किती जणांना आपापली एक सही आठवली असेल.

हे सगळं मी बहिणीला सांगितलं. तिनं निम्मं ऐकलं, निम्म्यात झोपली. पुण्याला जाऊन तिनं एका प्राध्यापिकाबाईंना विचारलं. बाईंनी तिला प्रयोगशाळेत दोन वर्षं बघितलंय, लगेच हो म्हणाल्या. दुसरे सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." हे सगळीकडंच चालतं म्हणे.

मग परवा रविवारी आम्ही दोघं ओट्यावर बसलो, सरांच्या वतीनं तिचीच शिफारस लिहायला. तिनं पहिलं वाक्य लिहिलं, की ही विद्यार्थिनी अत्यंत गरीब व मागास कुटुंबातली असून सहानुभूतीस पात्र आहे. मी म्हटलं, खोड ते. विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांवर तू काम केलंस ना? किती गावं फिरलीस, किती नमुने घेतलेस?

"एकोणचाळीस."

"मग तिथनं सुरू कर."

तिनं खोडलं. थोडा वेळ पेन तोंडात धरून बसली. मग म्हणाली, "दादा, पण स्वतःबद्दल असं लिहायला लाज वाटती रे."