खेकड्यांचा रस्सा (सोलापूर)
भीमा-सीनाकाठच्या गोड्या पाण्यातील खेकड्यांचे, शेतातल्या पंगतीसाठी मोठ्या पातेल्यात शिजवायचे कालवण. खेकडा जिवंतच आणावा. मेलेला झपाट्याने नासतो. पाठीचे कवच उघडून कल्ले काढून टाकतात, नांग्या जरा ठेचतात. रश्श्याचा खरा जीव मात्र बारीक पायांत असतो. ते पाट्यावर वाटून, पाण्यात कालवून गाळतात. हे पाणी नंतर रश्श्यात ओतताना सतत ढवळावे लागते, नाहीतर त्याच्या गुठळ्या होतात. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण, लसूण, काळा मसाला तेलात परतून खेकडे टाकतात. दाटपणा येसूर (भाजलेल्या धान्यांचे मसालेदार पीठ) लावून येतो. कवच तांबूस झाले तरी पंधरा-वीस मिनिटे खळखळ उकळणे आवश्यक, कारण अर्धकच्च्या खेकड्यातून फुप्फुसात चपट्या कृमींची बाधा होऊ शकते. सोबत ज्वारीची भाकरी.