गणवेशाविना गेलेले

पुण्यात मुठा नदीवर म्हात्रे पूल आहे. रोज हजारो लोक त्यावरून जातात. ज्यांचं नाव या पुलाला आहे ते रवींद्र म्हात्रे सैनिक नव्हते, पुढारीही नव्हते. बर्मिंगहॅमच्या भारतीय दूतकार्यालयात ते नोकरीला होते. ३ फेब्रुवारी १९८४ रोजी काम संपवून घरी परतताना त्यांचं अपहरण झालं. अपहरणकर्त्यांना खंडणी हवी होतीच, शिवाय तिहार तुरुंगात असलेला मकबूल बट सुटायला हवा होता. भारत सरकारने मागणी मानली नाही. काही दिवसांतच म्हात्रे यांचा मृतदेह सापडला आणि ११ फेब्रुवारीला तिहारमध्ये बटला फाशी झाली.

बर्मिंगहॅम ही काही युद्धभूमी नव्हती. तरीही ते लढाईतच गेले. शत्रूला भारत सरकारवर वार करायचा होता आणि त्या गावात भारत सरकार म्हणजे बसने घरी जाणारा एक माणूस होता. पुणेकरांनी पुलाला नाव देऊन त्यांची आठवण ठेवली, हे चांगलंच झालं. पण म्हात्रे देशाच्या कामावर गेले होते. त्यांच्यासारख्यांची आठवण देशाने कुठे ठेवायची?

सध्या माझं पोस्टिंग दिल्लीत आहे आणि हा प्रश्न इथे जास्त जाणवतो, कारण आठवण ठेवण्याच्या जागा या शहरात भरपूर आहेत. इंडिया गेटवर पहिलं महायुद्ध आणि १९१९ च्या अफगाण युद्धातली १३ हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत. त्यात एका परिचारिकेचंही नाव आहे. शेजारी राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. २५ फेब्रुवारी २०१९ ला त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा तिथल्या भिंतींवर २५,९४२ नावं होती. चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे. २१ ऑक्टोबर २०१८ ला ते खुलं झालं, तेव्हा राज्यांचे पोलीस आणि केंद्रीय दलं मिळून ३४,८४४ नावं तिथे होती. ही स्मारकं व्हायला फार उशीर झाला, पण झाली. आमच्या खडकवासल्याच्या अकादमीत कॅडेटांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली ‘हट ऑफ रिमेंबरन्स’ आहे. आपल्यातला कुणी कामी आला तर त्याचं नाव तिथे लागणार, हे प्रत्येक कॅडेटला माहीत असतं. जाणाऱ्याला याचा मोठा आधार असतो.

आता ७ जुलै २००८ ची काबूलमधली सकाळ पाहा. भारतीय दूतावासाच्या फाटकावर स्फोटकांनी भरलेली गाडी आदळली. पन्नासहून अधिक माणसं मेली. बहुतेक अफगाण होती, व्हिसासाठी रांगेत उभी असलेली, रस्त्याने जाणारी. भारताचे चौघे गेले: संरक्षण अटॅशे ब्रिगेडियर रवी दत्त मेहता, परराष्ट्र सेवेतले समुपदेशक व्ही. वेंकटेश्वर राव, आणि आयटीबीपीचे जवान अजय पठानिया व रूप सिंह. फाटक एक, स्फोट एक, क्षणही एकच. ब्रिगेडियरसाठी सेनेची परंपरा आहे, जवानांसाठी पोलीस स्मारक आहे. राव यांना मेहतांप्रमाणेच मरणोत्तर कीर्ती चक्र मिळालं आणि ते योग्यच होतं. पण नागरी सेवेतल्या सगळ्यांची नावं एकत्र असलेली राष्ट्रीय भिंत दिल्लीत नाही.

शौर्यपदकांच्या बाबतीत आपली घटना नवी असल्यापासूनची दृष्टी उदार आहे. १९५२ मध्ये सुरू झालेली अशोक चक्राची मालिका नागरिकांनाही खुली आहे. इतकंच काय, परमवीर चक्राच्या नियमांतही सेनेच्या हुकमाखाली काम करणाऱ्या नागरिकांचा उल्लेख आहे. पण पदक शौर्याच्या कृत्यासाठी असतं. जो नुसता आपल्या जागेवर टिकून राहिला आणि त्यामुळेच गेला, त्याचं काय?

अशांपैकी एक मणियप्पन रामन कुट्टी. ते केरळचे, सीमा सडक संघटनेत, म्हणजे बीआरओत, ड्रायव्हर होते. इराणच्या सीमेवरचं झरंज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता भारत बांधत होता. नोव्हेंबर २००५ मध्ये तालिबानने मणियप्पनना पळवलं आणि ४८ तासांत बीआरओने अफगाणिस्तान सोडावं अशी धमकी दिली. बीआरओ हलली नाही. मणियप्पन मारले गेले. रस्ता पुरा झाला आणि जानेवारी २००९ मध्ये अफगाणिस्तानच्या हवाली केला गेला. त्या रस्त्यासाठी ६ भारतीय आणि १२९ अफगाण जीव गेले. हिशेब केला तर दर पावणेदोन किलोमीटरही पुरे होत नाहीत तोवर एक माणूस.

आपल्याच सीमेवरचं उदाहरण बाडमेरजवळच्या गडरा रोडचं आहे. १९६५ च्या युद्धात सैन्यासाठी रसद आणि दारूगोळा रेल्वेनेच पोचत होता. ९ सप्टेंबरला शत्रूच्या हल्ल्यात तिथे रेल्वेचे १७ कर्मचारी कामी आले. त्यांची आठवण आजही दर ९ सप्टेंबरला तिथे जागवली जाते. ती मुख्यतः रेल्वेवाल्यांनी जपली आहे. गडरा रोडच्या बाहेर किती जणांना ठाऊक आहे?

पैशाच्या बाबतीत सरकारने हात आखडता घेतलाय असं म्हणता येणार नाही. २०१६ च्या आदेशानुसार केंद्राचा कर्मचारी दहशतवादी हिंसेत गेला तर कुटुंबाला २५ लाख, युद्धात शत्रूच्या कारवाईत गेला तर ४५ लाख सानुग्रह रक्कम आहे. नागरी कर्मचारी असो की सैनिक, आकडा तोच. गडचिरोलीसारख्या भागात निवडणुकीच्या कामावर जाणाऱ्या शिक्षक-तलाठ्यांसाठीही निवडणूक आयोगाने नक्षली हिंसेत मृत्यू आल्यास ३० लाखांची तरतूद केली आहे. रोजंदारीवाल्यांपर्यंत मात्र हा हात फार उशिरा पोचला. बीआरओच्या रस्त्यांवर खडी फोडणारा मजूर वारला तर मृतदेह घरी नेण्याचा भार कुटुंबावरच पडे आणि अंत्यविधीसाठी १,००० रुपये मिळत. २०२३ मध्ये हे बदललं. आता देह पोचवण्याची जबाबदारी सरकारची, आणि अंत्यविधीची मदत १०,००० रुपये.

सन्मानाचा नियम मात्र अजून अर्धवट आहे. ध्वजसंहितेनुसार तिरंगा शवपेटीवर पांघरला जातो तो शासकीय, सैनिकी किंवा निमलष्करी दलाच्या इतमामातल्या अंत्यविधीतच. सैनिकाच्या घरी कुणाला अर्ज करावा लागत नाही, युनिट सगळं करतं. नागरी कर्मचाऱ्याला मात्र शासकीय इतमाम कुणीतरी मंजूर करावा लागतो. बातमी मोठी झाली तर मंजूर होतो, नाही झाली तर राहून जातो. अमेरिकेने २०११ मध्ये यासाठी साधा कायदा केला: कामावर असताना हल्ल्यात मारल्या गेलेल्या संघराज्याच्या नागरी कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला राष्ट्रध्वज देता येईल. त्यांच्या परराष्ट्र खात्यात तर १९३३ पासून नावांची पाटी आहे. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या सुमारे ६७ हजार नागरिकांच्या नावांचे ग्रंथ वेस्टमिन्स्टर ॲबेत ठेवले आहेत, आणि त्यांचं पान उलटत राहतं.

आपल्याला यातलं काय जमण्यासारखं आहे? माझ्या मते तीन गोष्टी. एक, सगळ्या खात्यांची मिळून एक नोंदवही. युद्धक्षेत्रात किंवा हिंसेत कामावर गेलेला प्रत्येक नागरी कर्मचारी तिच्यात असावा, मग तो राजदूत असो, टपालवाला असो, नर्स असो की रोजंदारीचा मजूर. दोन, अशा मृत्यूला तिरंग्याचा मान आपोआप, मंजुरीची वाट न पाहता. तीन, दिल्लीत एक भिंत.

यामुळे गणवेशाचा मान कमी होईल अशी भीती काहींना वाटते. मला तसं वाटत नाही. आम्ही हत्यार घेऊन जातो, बरोबर सोबती असतात, प्रशिक्षण असतं. लाइनमन वीज जोडायला जातो तेव्हा त्याच्या हाती पक्कड असते. आघाडीवर राहिलेल्या कोणालाही विचारा: ज्या रस्त्याने रेशन आलं तो कुणी तरी बांधला होता, आणि जे पत्र आलं ते कुणी तरी आणून दिलं होतं. त्या माणसांची नावं लिहून ठेवणं हे आमचंही काम आहे.