पाच हात, पाच मुठी आणि एक टेप

मोजमाप हा काही आमच्या घराण्याचा धंदा नव्हे. मी बँकेतला माणूस. पैसे मोजतो, तेही दुसऱ्यांचे. पण नवी मुंबईत राहायचं म्हणजे कधी ना कधी फरशी मोजावी लागते, आणि मग टेप कुठली घ्यावी हा प्रश्न उभा राहतो. दुकानदार म्हणतो, "साहेब, सगळ्या सारख्याच." तीनशे वर्षांचा इतिहास त्याच्या विरुद्ध आहे.

शिवकाळात जमीन काठीने मोजत. काठी पाच हात आणि पाच मुठींची. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि 120 बिघ्यांचा एक चावर. हात कुणाचा आणि मूठ कुणाची, यावर सारा ठरायचा. तेव्हा काठी ठरलेली असणं किती गरजेचं होतं ते पाहा. माझ्या हाताने मोजलं असतं तर रयत खूश आणि सरकार दिवाळखोर!

मग इंग्रज आले ते साखळी घेऊन. त्यांच्या गंटर नावाच्या गणितज्ञाने 1620 साली 66 फुटांची, शंभर कड्यांची साखळी काढली होती. मुंबई इलाख्यात मात्र निम्मी, 33 फुटांची साखळी चालली आणि तिचे भाग पाडले सोळा आणे! कॉमर्सच्या पदवीधराला गहिवरून यावं अशी ही गोष्ट. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, 1089 चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. पुढे 'गुंठामंत्री' या शब्दाने मराठी भाषा समृद्ध झाली, तिची जननी ही साखळी.

आमच्या नवी मुंबईत याच गुंठ्यांनी रक्तही पाहिलं. 1970 साली सिडको आली, गावोगावच्या जमिनी गेल्या, आणि जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्क्यांची योजना त्यानंतरची.

1957 साली नवे पैसे आले, 1958 पासून टप्प्याटप्प्याने मीटर. तरीही करारनाम्यात चौरस मीटर, दलालाच्या तोंडी चौरस फूट आणि सुताराच्या तोंडी इंच-सूत, अशी आपली त्रिभाषा अजून चालू आहे. म्हणून टेप घ्यायची ती दोन्ही बाजूंना आकडे असलेली.

अमेरिकेत अल्विन फेलोज यांनी 1868 साली स्प्रिंगच्या टेपचं पेटंट घेतलं. आजच्या टेपच्या टोकाची आकडी किंचित हलते, म्हणून पुष्कळ गिऱ्हाइकं ती परत करतात. अहो, ती हलायलाच हवी! आकडी स्वतःच्या जाडीइतकी सरकते. भिंतीला टेकवली की आत, फळीला अडकवली की बाहेर, म्हणून दोन्हीकडे माप बरोबर येतं. न हलणारी घेऊ नये. खोलीसाठी पाच मीटरची, रुंद पात्याची घ्या, अधांतरी धरली तरी मान टाकत नाही. प्लॉटसाठी तीस मीटरची. पोलादी असेल तर ऊन दहा अंशांनी वाढल्यावर ती साडेतीन मिलिमीटर लांबते. फायबरची ओढली की ताणते. शिंप्याची टेप शिंप्याकडेच राहू द्या.

आमच्या वरच्या काकूंनी ताबा घेताना 10 बाय 12 ची खोली अशीच पोलादी टेपने मोजली. दोन्हीकडे तीन-तीन इंच कमी! म्हणजे साडेपाच चौरस फुटांच्या आसपास. फुटाला 15,000 रुपये धरा, 81,000 च्या वर गेले. 2017 पासून रेरा आहे. कार्पेट तीन टक्क्यांहून कमी भरलं तर जादा पैसे व्याजासह परत मिळतात. ही खोली साडेचार टक्क्यांनी कमी होती, म्हणून काकूंनी सगळंच घर मोजायचं ठरवलं.

बिल्डरचा माणूस आला. म्हणाला, "काकू, तुमची टेप चुकतेय, आमचा मिस्त्री वीस वर्षं ह्याच टेपने भिंती घालतोय." काकूंनी ती टेप मागवून घेतली. तिचा पहिला आकडा चार होता. आधीचे तीन इंच कधीच तुटून गेले होते.