एपिड्युरलमधलं दुसरं औषध

'बुपिव्हॅकेनमध्ये काय मिसळलं तर?' भूलशास्त्रात थिसिसचा विषय शोधताना हा प्रश्न हमखास समोर येतो. प्रश्न जुनाच आहे. 1903 च्या सुमारास हाइनरिश ब्राउनने भुलीच्या औषधात अ‍ॅड्रेनलिन घातलं: रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर जास्त वेळ टिकतं. इथे जोडीदार नुसता राखणदार.

खरं वळण 1970 च्या दशकातलं. 1973 मध्ये पर्ट आणि स्नायडर यांनी मेंदूत ओपिऑइड रिसेप्टर दाखवले. 1976 मध्ये याक्श आणि रूडी यांनी उंदरांच्या मज्जारज्जूभोवती थेट मॉर्फिन सोडलं, वेदना शमली. 1979 मध्ये जेरुसलेमच्या बेहार यांच्या गटाने दहा रुग्णांना एपिड्युरलमधून 2 मिलिग्रॅम मॉर्फिन दिलं. बुपिव्हॅकेन नसच अडवतं, म्हणून पायही जड होतात. मॉर्फिन मज्जारज्जूत फक्त वेदनेचा निरोप अडवतं. वाटा वेगळ्या, म्हणून दोन्हींचे डोस कमी करता येतात.

पण मॉर्फिन पाण्यात विरघळणारं, मज्जाद्रवातून हळूहळू वर सरकतं, आणि काही तासांनी श्वास मंदावू शकतो. शिवाय आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन मिळणंच अवघड केलं. नियम सैल व्हायला 2014 ची दुरुस्ती यावी लागली. क्लोनिडिन, डेक्समेडेटोमिडिनकडे आपले इतके थिसिस वळले, त्यामागे हेही एक कारण असावं, असं मला वाटतं. ही औषधं मात्र नाडी आणि रक्तदाब उतरवतात. तेव्हा प्रोफॉर्मात वेदनेच्या स्कोअरशेजारी ब्रोमाज स्केल आणि नाडीचेही रकाने आखा.