दहा पिना आणि त्यांच्या मागचा पोऱ्या

गेल्या उन्हाळ्यात भाची म्हणाली, ‘‘मामू, चला, बोलिंग खेळू.’’ आपल्याकडे बोलिंग म्हणजे क्रिकेटची. मी टोपी शोधायला लागलो. पण ती मला घेऊन गेली एका मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर. दारातच चपला काढायला लावल्या, तेव्हा दर्ग्यात शिरल्यासारखं वाटलं. हातात भाड्याचे बूट आले, गुळगुळीत तळाचे. शेवटच्या पावलाला पाय सरकावा म्हणून ते तसे असतात.

हा खेळ कधीच न खेळलेल्यांसाठी थोडं सांगतो. समोर एक लांबलचक, तेल लावलेली वाट असते, तिला लेन म्हणायचं. पाऊल थांबवायच्या रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंत अंतर 60 फूट. टोकाला बाटलीच्या आकाराच्या दहा पिना त्रिकोणात उभ्या. चेंडूला तीन भोकं. अंगठा आणि मधली दोन बोटं त्यात घालायची. चेंडू 16 पौंडांपर्यंत असतो, पण नवख्यानं हलका घ्यावा. मी भाचीसमोर रुबाब म्हणून जड उचलला आणि दोन दिवस मनगट शेकत बसलो.

डावाचे दहा भाग, प्रत्येकात दोन संधी. पहिल्याच चेंडूत दहाही पडल्या तर स्ट्राइक, दोन्ही मिळून पडल्या तर स्पेअर. स्ट्राइकला दहा गुण आणि वर पुढच्या दोन चेंडूंचे गुण, स्पेअरला पुढच्या एकाच चेंडूचे. ओळीनं बारा स्ट्राइक मारणाऱ्याला 300 मिळतात, त्यापुढे काही नाही. एक युक्ती लक्षात ठेवा. नजर पिनांवर नको, लेनवर साधारण 15 फुटांवर जे बाण काढलेले असतात त्यांवर ठेवा. आणि पहिल्या पिनेच्या तोंडावर मारू नका. चेंडू तिच्या जरा बाजूला लागावा. तोंडावर मारलं की मधोमध खिंडार पडतं आणि दोन्ही कडांच्या पिना हसत उभ्या राहतात. आपली लगोरी खेळलेल्याला हे सांगावं लागू नये, तरी मला ते समजायला तासभर लागला.

माझा पहिला चेंडू कडेच्या पन्हळीत गेला. दुसऱ्यानं तीन पिना पाडल्या. मग वरून यंत्र आलं, त्यानं सगळं झाडून नेलं आणि दहा पिना पुन्हा मांडून ठेवल्या. मी विचारलं, ‘‘हे यंत्र नव्हतं तेव्हा हे कोण करत होतं?’’ भाची म्हणाली, ‘‘मामू, तुम्ही खेळा.’’

घरी येऊन वाचत बसलो. खेळ जुना, जर्मन लोकांचा, मूळचा नऊ पिनांचा. तो त्यांच्याबरोबर अमेरिकेत गेला. वॉशिंग्टन आयर्विंगच्या 1819 सालच्या रिप व्हॅन विंकलच्या गोष्टीत डोंगरातली माणसं नऊ पिनांचाच खेळ खेळतात आणि चेंडूंचा गडगडाट दऱ्यांत घुमतो. पुढे जुगार बोकाळला म्हणून कनेक्टिकट राज्यानं 1841 मध्ये नऊ पिनांवर बंदी घातली, तेव्हा लोकांनी दहावी पिन लावून कायद्याला चकवलं, असं सांगतात. गोष्ट गोड आहे, पण दहा पिनांचे उल्लेख त्याआधीही सापडतात. नियम एकसारखे झाले ते 1895 मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन बोलिंग काँग्रेस स्थापन झाल्यावर.

आणि पिना कोण मांडत होतं? पोरं. लेनच्या टोकाला खड्ड्यात किंवा कठड्यावर बसायचं, पिना उडाल्या की अंग चोरायचं, उतरून त्या मांडायच्या, जड चेंडू परत घरंगळवायचा. लुईस हाइन हा छायाचित्रकार बालमजुरीचे पुरावे गोळा करत अमेरिकाभर फिरला. एप्रिल 1910 मध्ये ब्रुकलिनच्या एका बोलिंग अड्ड्यात त्यानं रात्री एक वाजता या पोरांचा फोटो घेतला. फोटोखाली त्यानं नोंद केली की आणखी तीन लहान मुलं होती, मालकानं त्यांना फोटोबाहेर ठेवलं. ती तीन मुलं माझ्या डोक्यातून जात नाहीत. मी स्वतः लहानपणी तालुक्याच्या गावी साहेबांच्या क्लबात टेनिसचे चेंडू वेचले आहेत, आठवड्याला दोन रुपयांवर. रॅकेटला हात लावायची मुभा नव्हती.

पिना मांडणारं यंत्र 1946 मध्ये बफेलोच्या स्पर्धेत लोकांना दाखवलं गेलं, 1952 पासून ते बाजारात आलं आणि पोरं हळूहळू गेली. त्याच काळात दुसरा एक अडसर निघाला होता. काँग्रेसचं सदस्यत्व फक्त गोऱ्या पुरुषांना होतं. बायकांनी 1916 मध्ये आपली वेगळी संघटना काढली, काळ्या खेळाडूंनी 1939 मध्ये डेट्रॉइटला. कामगार संघटना आणि नागरी हक्कवाल्यांनी रेटा लावल्यावर 1950 मध्ये ते वर्णाचं कलम गेलं.

कलम गेलं म्हणून दार उघडतंच असं नाही. साउथ कॅरोलायनातल्या ऑरेंजबर्ग गावात ऑल स्टार नावाची बोलिंगची जागा 1964 चा नागरी हक्क कायदा झाल्यानंतरही काळ्या गिऱ्हाइकांना आत घेत नव्हती. फेब्रुवारी 1968 मध्ये तिथले काळे विद्यार्थी दारात जाऊन उभे राहिले. मागणी एवढीच, की आम्हालाही खेळू द्या. अटका झाल्या, लाठ्या चालल्या. 8 फेब्रुवारीच्या रात्री पोलिसांनी कॉलेजच्या आवारात गोळ्या झाडल्या. सॅम्युएल हॅमंड, हेन्री स्मिथ आणि डेलानो मिडलटन ही तीन मुलं गेली. मिडलटन तर अजून शाळेत होता. पंचवीसहून अधिक जखमी झाले. गोळीबार करणारे पोलीस पुढे निर्दोष सुटले. दंगलीबद्दल शिक्षा झाली ती क्लीव्हलंड सेलर्स या कार्यकर्त्याला, जो त्या रात्री स्वतः गोळी लागून जखमी झाला होता. राज्यानं त्याला 1993 मध्ये माफी दिली. माफी कुणी कुणाची मागायची, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे.

मी आता महिन्यातून एकदा जातो. हलका चेंडू घेतो, शंभरीच्या आत-बाहेर असतो. मागच्या खेपेला आमच्या लेनचं यंत्र अडकलं. पडद्यामागून निळ्या गणवेशातला विशीचा पोरगा आला, हात ग्रीसनं माखलेले. दुरुस्ती झाल्यावर मी त्याला विचारलं, ‘‘बेटा, तू खेळतोस का कधी?’’ म्हणाला, ‘‘रात्री बंद करताना चाचा, एखादा-दुसरा चेंडू.’’ किती पडतात, विचारलं, तर नुसता हसला आणि पडद्यामागे गेला.