पाय त्याचाच घसरला, मग पैसे कशाचे?

गेल्या बैठकीत एक जण सांगत होती. तिच्या भावकीतला तरणा मुलगा पुण्याकडे इमारतीच्या कामावर होता. परांचीवरून पडला आणि गेला. तेराव्याच्या आत मुकादम घरी आला, पाकीट ठेवलं, एका कागदावर बायकोचा अंगठा घेतला. म्हणाला, "पाय त्याचाच घसरला हो. आमची त्यात काय चूक? तरी माणुसकी म्हणून देतोय."

खरं सांगायचं तर बैठकीत आमच्यातल्या काहींना ते पटलंसुद्धा. पाय तर त्याचाच घसरला होता ना! पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. मग आम्ही शोधायला बसलो. हे वाक्य दीडशे वर्षं जुनं निघालं. त्याला उत्तरही तेवढंच जुनं आहे. आज तीच गोष्ट सांगणार आहोत.

सुरुवात इंग्लंडपासून. १८३७ साली तिथल्या कोर्टात एक खटला आला. खाटकाकडे कामाला असलेला एक पोरगा मालाच्या गाडीवरून चालला होता. गाडीत माल जास्त भरला होता, ती मोडली आणि पोराचं मांडीचं हाड मोडलं. कोर्टाने मालकाला सोडलं. या निकालातून पुढे एक नियमच तयार झाला: सोबतच्या कामगाराच्या चुकीने अपघात झाला, तर मालक जबाबदार नाही. आता बांधकामावर बघा. परांचीची दोरी कोण बांधतं? कामगारच. फळी कोण टाकतं? कामगारच. म्हणजे मालक नेहमीच मोकळा. शिवाय कोर्टं असंही म्हणत की, धोका माहीत असून तू कामाला आलास, तर धोका तू पत्करलास.

जर्मनीत १८७१ साली एक कायदा झाला. रेल्वेच्या अपघातात कंपनीने भरपाई द्यायची, असं त्यात होतं. खाणी आणि कारखान्यांतल्या माणसाने मात्र आधी मालकाची किंवा त्याच्या माणसाची चूक सिद्ध करायची. हात तुटलेल्या माणसाने वकील करायचा आणि साक्षीदार आणायचे. साक्षीदार त्याच मालकाकडे कामाला. कोण बोलणार? आणि गवंडी, सुतार, छप्पर घालणारे यांचं तर त्या कायद्यात नावच नव्हतं.

मग ६ जुलै १८८४ ला तिथे अपघात विम्याचा कायदा आला. तो आणणारा बिस्मार्क काही कनवाळू माणूस नव्हता. कामगारांचा पक्ष वाढत होता, त्याच्यावर त्याने १८७८ सालीच बंदी घातली होती. कामगार सरकारच्या बाजूला यावेत, हा त्याचा हिशेब होता. पण कायदा त्याच्या हिशेबापेक्षा मोठा निघाला. १ ऑक्टोबर १८८५ पासून तो लागू झाला. गवंडी, सुतार, छप्पर घालणारे, पाथरवट आणि विहीर खोदणारे त्यात पहिल्यापासून होते. बांधकामातली बाकीची कामं १८८७ च्या वेगळ्या कायद्याने आली.

यात दोन गोष्टी नव्या होत्या. पहिली: चूक कोणाची, हा प्रश्नच काढून टाकला. माणूस कामावर होता का, आणि कामामुळे त्याला इजा झाली का, एवढंच बघायचं. तो बेसावध होता, घाईत होता, पाय त्याचाच घसरला, तरी पैसे मिळणार. मुद्दाम स्वतःला इजा करून घेतली असेल तरच नाही. त्याच्या बदल्यात कामगाराने मालकावर दावा लावायचा हक्क सोडला. माणूस पुरता निकामी झाला तर मजुरीचे दोन तृतीयांश, आणि तेही वेळच्या वेळी, पेन्शनसारखे. नवरा गेला तर विधवेला त्याच्या मजुरीचा पाचवा हिस्सा, प्रत्येक मुलाला शंभरात १५, सगळं मिळून ६० च्या वर नाही. तिने दुसरं लग्न केलं तर तीन वर्षांची रक्कम एकदम हातात देऊन पेन्शन बंद. (पहिले १३ आठवडे मात्र आजारपणाच्या फंडातून भागवायचे, आणि त्या फंडात दोन हिस्से कामगाराचेच असत. म्हणजे लहान दुखापतीचा खर्च बराचसा त्याच्याच खिशातून.)

दुसरी गोष्ट आपल्याला चटकन कळेल, कारण ती आपल्या गटासारखी आहे. एका धंद्यातल्या सगळ्या मालकांनी मिळून एक संघ करायचा. ऐच्छिक नाही, सक्तीचा. वर्षभरात जेवढी भरपाई द्यावी लागेल, ती सगळ्या मालकांत वाटायची. ज्याच्याकडे मजुरी जास्त, काम धोक्याचं, त्याला वर्गणी जास्त. कामगाराकडून एक पैसा घ्यायचा नाही. आता बचत गटात एकीने हप्ता चुकवला की बाकीच्या गप्प बसतात का? तिच्या दारात जातात. तसंच तिथे झालं. एका ठेकेदाराची फळी मोडली तर बिल शेजारच्या ठेकेदारालाही येणार. म्हणून या संघांना सुरक्षेचे नियम करायचा आणि कामावर माणसं पाठवून तपासणी करायचा अधिकार दिला. फळी तपासायला दया लागली नाही, ती वर्गणीने तपासून घेतली. बांधकामाचा असा संघ जर्मनीत आजही आहे.

इंग्लंडने १८९७ साली कायदा केला. त्यांनी यातली पहिली गोष्ट उचलली, दुसरी सोडली. चूक सिद्ध करायची गरज नाही, हे घेतलं. पण संघ नाही, विम्याची सक्ती नाही. ज्याच्या त्याच्या मालकाने आपापलं द्यायचं. बांधकामाला तर अजब अट होती. इमारत ३० फुटांहून उंच हवी, आणि परांची लावून काम चाललेलं हवं. वीस फुटांच्या घरावरून पडलेल्याचं हाड जणू मऊ असतं! ती अट १९०६ साली गेली.

आपल्याकडे इंग्रजांचं राज्य, म्हणून आला तोही हाच साचा. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याआधी १८५५ चा एक कायदा होता, पण त्यात मेलेल्याच्या घरच्यांनी समोरच्याची चूक दाखवायची असे. १९२३ च्या कायद्यात ते गेलं. दारू पिऊन असला, सुरक्षेचा हुकूम मुद्दाम मोडला, या सबबी मालकाला ठेवल्या होत्या, पण माणूस मेला तर त्याही चालत नाहीत. म्हणजे मुकादमाचं ते वाक्य कायद्यात शंभर वर्षांपूर्वीच बाद झालंय.

याच कायद्यातल्या आणखी दोन गोष्टी आम्हाला फार आवडल्या. कामगार ठेकेदाराचा असला, तरी ज्या मोठ्या मालकाच्या धंद्यासाठी काम चाललंय त्याच्याकडेही भरपाई मागता येते. आणि मृत्यूची भरपाई घरी आणून द्यायचीच नाही. ती आयुक्तांकडे जमा करायची, आयुक्तांनी वारसांना वाटायची. एकरकमी भरपाई बाईला मिळणार असेल, तरी तीच वाट. तीन महिन्यांच्या मजुरीपर्यंतची उचल सोडली, तर हातोहात दिलेले पैसे भरपाईत धरत नाहीत. तेव्हाच्या साहेबांना बाईला हिशेब कळत नाही असं वाटलं असेल, तेही मनात आलं. पण अंगठा घेऊन पाकीट देणाऱ्यापासून तिला वाचवणारी तीच एक ओळ आहे.

रक्कम मजुरी आणि वयावरून ठरते. जानेवारी २०२० पासून महिन्याची मजुरी जास्तीत जास्त १५,००० धरायची असं ठरलं. त्या हिशेबाने ३० वर्षांचा माणूस गेला तर १५,५९,८५० रुपये होतात. पाकिटात किती होते, ते आम्ही इथे सांगत नाही.

पण अर्धा कायदा तो अर्धाच. संघ नाही, म्हणून फळी तपासायला कोणी येत नाही. विम्याची सक्ती नाही, म्हणून ठेकेदार फोन बंद करून गायब झाला की कागदावरची रक्कम कागदावरच. १९४८ साली राज्य विम्याचा फंड आला, तो कारखान्यांसाठी. बांधकाम मजुरांनी वर्षानुवर्षं चळवळ केली, तेव्हा १९९६ साली त्यांचा स्वतंत्र कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर शंभराला एक रुपया उपकर, आणि त्यातून कल्याण मंडळं. महाराष्ट्राचे नियम झाले २००७ साली. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिशेब मांडला: देशभरात ३७,४०० कोटींच्या वर जमा, खर्च सुमारे ९,५०० कोटी. आणि आमच्या मते याहून मोठी खोट दुसरीच आहे. हा रुपया सगळ्यांना सारखा. जाळी लावणाऱ्यालाही एक टक्का, न लावणाऱ्यालाही एक टक्का. जर्मन मालकाला दुसऱ्याच्या फळीची काळजी का वाटली, ते आपण वर पाहिलंच.

आता १९२३ आणि १९९६ हे दोन्ही कायदे २०२० च्या सामाजिक सुरक्षा व कामगार संहितांमध्ये घातले आहेत, आणि त्या नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. घरातून कामावर जाता-येताना झालेला अपघातही त्यात धरला आहे. जर्मनीत हे १९२५ साली झालं होतं.

आपल्या बायकांची आणखी एक अडचण. साइटवर मजुरी जोडीने ठरते, पैसे नवऱ्याच्या हातात, हजेरीत नाव त्याचंच. डोक्यावर चुंबळ ठेवून घमेली वाहणारी कागदावर कुठेच नाही. मंडळात नाव घालायला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार देत नसेल तर ग्रामपंचायतीकडे मागायचा. बैठकीत आम्ही मोजलं, तेव्हा बांधकामावर जाणाऱ्या अकरा जणींपैकी दोघींचंच नाव मंडळात होतं. दोघींचेही नवरे आधी नोंदलेले होते.

त्या मुलाच्या बायकोला आम्ही घेऊन गेलो. हजेरीची वही मिळाली नाही, पण त्याच्या मोबाईलमध्ये साइटवरचे फोटो होते, आणि खात्यावर मजुरी आल्याच्या नोंदी. आयुक्तांकडे अर्ज दिलाय. अपघाताला सात महिने झालेत, मुदत दोन वर्षांची असते. पहिल्या तारखेला मुकादम आला नाही.