चौथीतली चाळिशी

आमच्या लहानपणी कोकणात चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणत. शेजारच्या काकांना पोथी आणि आमच्या दादाजींना कुराणशरीफ हात लांब करून वाचावे लागले, की तालुक्याच्या गावाहून चाळिशी येई. शब्दातच वय होते. त्यामुळे एखाद्या मुलाच्या नाकावर चष्मा दिसला की वर्गात त्याचे नाव ‘ढापण्या’ पडे. ढापण म्हणजे जनावराच्या डोळ्यांवरची झापड. ज्या वस्तूमुळे मुलाला दिसू लागले, तिलाच आपण झापड म्हणत आलो! मुलांच्या डोळ्यांचा इतिहास सांगताना भाषेचा हा अन्यायही सांगायला हवा.

साठ-सत्तर वर्षांपूर्वी आपल्याकडे मुलांच्या डोळ्यांचा मोठा शत्रू चष्म्याचा नंबर नव्हता, उपासमार होती. दिवेलागणीला मूल उंबऱ्याला अडखळू लागले की घरातली म्हातारी माणसे ओळखत, हा रातांधळेपणा. त्यावर यकृत खाऊ घालण्याचा उपाय प्राचीन ग्रीक वैद्यांनाही माहीत होता. त्यामागचे कारण कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. १९१३ साली अमेरिकेत मॅक्कॉलम आणि डेव्हिस यांनी लोणी आणि अंड्याच्या बलकातला एक घटक शोधला. तेच पुढे ‘अ’ जीवनसत्त्व म्हणून ओळखले जाऊ लागले. ते कमी पडले की आधी अंधारात दिसेनासे होते, मग डोळा कोरडा पडतो, बुबुळावर जखम होते आणि मूल कायमचे आंधळे होते. हैदराबादच्या पोषण संशोधकांच्या कामाच्या आधारे १९७० साली केंद्र सरकारने एक ते पाच वर्षांच्या मुलांना दर सहा महिन्यांनी या जीवनसत्त्वाचा २ लाख युनिटचा डोस देण्याची योजना सुरू केली. पुढे आल्फ्रेड सॉमर यांनी इंडोनेशियात दाखवून दिले, की हे जीवनसत्त्व कमी असलेली मुले नुसती आंधळी होत नाहीत, ती अधिक संख्येने दगावतात. आज नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर बाळाला पाजतात तो गोड डोस म्हणजे या सगळ्या इतिहासाचा एक चमचा आहे.

दुसरा शत्रू खुपरी. अस्वच्छ हात, एकच टॉवेल आणि माश्या यांतून ती एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाई. पापण्या आत वळत आणि बुबुळ घासून निकामी होई. तिच्याविरुद्ध १९६३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा व्यापक कार्यक्रम आला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपरी ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे जाहीर केले. एकसष्ट वर्षे लागली, पण ही लढाई आपण जिंकलो.

मग आता मुलांचे डोळे सुखरूप आहेत का? इथे आमच्या मीरा-भाईंदरची गोष्ट सांगावी लागेल. मिठागरे, भातखाचरे आणि उत्तन-डोंगरीच्या कोळीवाड्यांचा हा मुलूख. १९८५ साली येथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. मिठागरांच्या जागी इमारती आल्या आणि अंगणाच्या जागी पार्किंग आले. मूल खेळायला खाली उतरायचे, ते आता लिफ्टने उतरून शिकवणीला जाते.

याचा डोळ्यांशी काय संबंध, असे कुणी विचारेल. १८६० च्या दशकात जर्मन डॉक्टर हर्मान कोन याने ब्रेस्लाऊ शहरात दहा हजारांहून अधिक शाळकरी मुलांचे डोळे तपासले. जसजशी इयत्ता वाढते तसतशी लांबचे न दिसणारी मुले वाढतात, असे त्याला आढळले. त्याने दोष दिला तो अंधाऱ्या वर्गांना आणि वाईट बाकांना. दीडशे वर्षांनी चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटे जादा मैदानात ठेवून पाहिले. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत नेहमीच्या वर्गांतल्या शंभरातल्या सुमारे ४० मुलांना लांबचे कमी दिसू लागले, तर मैदानात जाणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ३० होते. उघड्यावरचा उजेड डोळ्याच्या वाढीला आवर घालतो. म्हणजे गेलेले मैदान हा केवळ आठवणींचा विषय नाही, तो नंबराचाही विषय आहे.

कवितेच्या निमित्ताने मी शाळांमध्ये जातो. एका वर्गात चौथीतली एक मुलगी फळ्याकडे न पाहता मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेत होती. बाईंना ती ‘ढ’ वाटत होती. तपासणीत नंबर निघाला. वडील म्हणाले, “साहेब, पोरीच्या नाकावर चष्मा चढला तर उद्या लग्नाचं काय?” मी म्हटले, “भाईजान, आधी तिला फळा दिसू द्या, लग्नाला दहा-पंधरा वर्षं आहेत.” ते हसले. पुढच्या आठवड्यात चष्मा आला.

घाई करायला हवी ती याचसाठी. एका डोळ्याचा नंबर मोठा असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून आलेले चित्र घेणेच सोडून देतो. डॉक्टर त्याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा लावला आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधली, तर तो बहुधा कामाला लागतो. पुढे हे कठीण होत जाते. “मोठेपणी तिरळेपणा आपोआप जातो” ही समजूत म्हणूनच महागात पडते. मूल स्वतः तक्रार करत नाही. जग असेच धूसर असते, असे त्याला वाटते.

२०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या पालघरहून झाली. अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी त्यात होते. तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासाठी वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या ‘ई’चा तक्ता असतो. मूल बोटांनी दिशा दाखवते. मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती अशा अनेक भाषांच्या आमच्या शहरात हा तक्ता सगळ्यांनाच वाचता येतो.

आमच्या घरांत बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालतात, शेजारी काजळ. माया दोन्हींत सारखीच. पण पारंपरिक सुरम्यात शिसे असू शकते आणि ते मुलाच्या मेंदूला घातक असते. माया दाखवायला दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत. त्यातली एक आज संध्याकाळीच करून पाहा. मुलाचा एक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला सांगा, मग दुसरा डोळा झाकून. दोन्ही वेळा सारखे दिसले नाही, तर उद्या डॉक्टरांकडे जा. आणि नाकावर चष्मा आलाच, तर ‘ढापण्या’ हा शब्द आपल्या घरापुरता तरी बंद करा.